शिवण

विमान म्हणजे काय, तर तंबूचं कापड,
ॲल्युमिनियमच्या नळ्या, मागे मोडक्या त्राबांट गाडीचं इंजिन
आणि माझी शिवण.
हे शेवटचं कुणी सांगत नाही.

सत्त्याऐंशी सालच्या थंडीत, मोराव्हियातल्या आमच्या घरी,
वेंदेलीननं स्वयंपाकघरातलं टेबल बाहेर काढलं
आणि फरशीवर पंख अंथरला.
तो रांगत खडूनं रेघा मारायचा,
मी पायमशीन चालवायची.
दुहेरी टीप, वर नागमोडी, पुन्हा दुहेरी.
डाव्या टोकाशी पांढरा दोरा संपला.
मुलीच्या फ्रॉकचा उरला होता, लाल. तोच घातला.
"हवेत कोण बघतंय?" तो म्हणाला.

गोठलेल्या बीटाच्या शेतात तो पहिल्यांदा उडाला,
चिनाराच्या शेंड्याएवढाच,
आवाज असा, की आकाशात कुणी कॉफी दळतंय.
मी खाली उभी राहून टाके मोजत होते.
देव आठवला नाही. टाकेच आठवले.

मग मे महिन्यात एकदा वाऱ्यानं त्याला दक्षिणेला ढकललं.
नदी, तारा, तारांपलीकडे ऑस्ट्रियाचे द्राक्षमळे.
पलीकडे उतरायला चार मिनिटं पुरली असती.
तो वळला.
दुसऱ्या दिवशी गणवेशातले दोघं आले,
आमचीच घरची प्लमची दारू प्यायले
आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिले:
परत का आलास?
जणू तोच गुन्हा होता.
वेंदेलीन म्हणाला, "सूप गार झालं असतं."
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आता तारा नाहीत. परवाना आहे, विमा आहे,
दर शनिवारी आमच्या गवताच्या पट्टीवर गोतावळा जमतो:
पोस्टातला हिनेक, दात काढणारी डॉक्टर ओटिलिये,
पाव भाजणारे दोघे भाऊ, जे जमिनीवर एकमेकांशी बोलत नाहीत.
गुलाशचं पातेलं, कुणाचं तरी कुत्रं,
आणि तासभर फक्त एका स्पार्क प्लगवर चर्चा.
पाव्ह्लाचा मुलगा रादोवान कार्बनचं विमान घेऊन येतो,
किंमत आमच्या घराएवढी, रेडिओ बोलतो तीन भाषा.
तरी सगळे जमतात त्या जुन्याभोवतीच.
हात लावून बघतात,
म्हाताऱ्या घोड्याला लावतात तसा.

कुठे जाऊन आलात, कुणी विचारलं
तर सगळे एकच सांगतात: कुठंच नाही.
तळ्यावरून, चर्चच्या घंटेला वळसा, परत.
वीस लिटर पेट्रोल जाळून कुठंच नाही.
बायकोला सांगायला एवढंच, की करकोचा शेजारून गेला
आणि त्यानं मान वळवून बघितलं.

मी कधी बसले नव्हते.
एकाहत्तराव्या वर्षी, ऑगस्टच्या एका निवांत संध्याकाळी
वेंदेलीननं माझ्या कानावर हेडफोन चढवला
आणि म्हणाला, "चल, गवत कापायचं आज राहू दे."

सगळे खाली बघतात म्हणे.
मी डावीकडे बघत होते.
कापड तीनदा बदललंय, दर वेळी मीच शिवलंय,
आणि दर वेळी त्या कोपऱ्यात, आता दोऱ्याची ददात नसताना,
लालच घातलाय.
वाऱ्यानं तो कोपरा ताणला होता,
टाका न् टाका जागेवर. हवेत बघत होतं कोणीतरी.

मग नजर खाली गेली.
ती आमची पट्टी. तीस वर्षं दर गुरुवारी मी कापते ती.
वाकडी!
मधोमध, नाशपातीच्या झाडापाशी, केळ्यासारखी वाकडी.
मी ओरडले, "हे मला कुणी सांगितलं नाही?"
इंजिनाच्या वरताण तो ओरडला,
"आम्हाला सवय झालीय!
सरळ केलीस तर उतरायचं कसं?"